रंगीत काचांची जुनी खिडकी संग्रहालयात मांडायची आहे. शिसं बदलायचं का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. सोलापुरात तुमच्या संस्थेच्या शाळेची जुनी इमारत आहे. तिच्या जिन्यावर पश्चिमेच्या भिंतीत रंगीत काचांची खिडकी होती. ती दुरुस्तीच्या वेळी उतरवली आणि तेव्हापासून प्लायवूडच्या खोक्यात बंद आहे. एकावर एक तीन भाग, प्रत्येक अडीच फूट रुंद आणि दोन फूट उंच. मधल्या भागात फुलांची परडी, कडेने वेल, खालच्या भागात देणगीदाराच्या नावाची रंगवलेली अक्षरं. मधला भाग फुगलाय, काही काचांना तडे आहेत, एक काच गायब आहे, शिशावर पांढरी भुकटी दिसते. काचेचं काम करणारा कारागीर म्हणतो, "सगळं सोडवून नव्या शिशात बसवू, काचा ॲसिडने धुऊ, नव्यासारखी होईल." अध्यक्षांचं म्हणणं, प्लायवूडची पेटी करून मागे ट्यूबलाइट लावा. साफसफाई विद्यार्थ्यांकडून श्रमदानात करून घ्यायची आहे आणि संक्रांतीला, गड्डा यात्रेच्या सुमारास, उद्घाटन आहे. तुमचे प्रश्न दोन: शिसं बदलावं का, आणि काच कशाने धुवावी?

सरळ उत्तर देतो. माझ्या मते शिसं बदलू नये, आणि काच धुऊ तर नयेच. पण तुमच्या खिडकीचं सगळ्यात जास्त भलंबुरं ज्या गोष्टीने होणार आहे ती तुम्ही विचारलेलीच नाही. ती म्हणजे पेटी.

आधी शिशाचं बोलू. काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांमध्ये बसवलेले असतात. पट्टीचा छेद इंग्रजी 'एच' अक्षरासारखा, दोन्ही बाजूंना खाच. पट्ट्या जिथे मिळतात तिथे डाख (सोल्डर) लावलेला असतो, आणि काच न् शिसं यांच्यातल्या फटीत जवसाचं तेल आणि खडूची पूड यांची लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते. ही सगळी रचना कशासाठी? वाऱ्याचा दाब सोसावा, पावसाचं पाणी आत येऊ नये, तावदान खडखडू नये यासाठी. जागेवर असलेल्या खिडकीचं शिसं थकलं, लांबी गळून पडली, तर पाणी आत येतं, वाऱ्याने काचा हलतात, आणि मग पुन्हा शिशात बसवण्याला पर्याय उरत नाही. कारागीर म्हणतो ते त्या परिस्थितीत योग्यच असतं. त्याचा हात आणि अनुभव अशाच कामात तयार झालेला असतो.

तुमची खिडकी मात्र आता भिंतीत परत जाणार नाही. तिच्यावर वारा येणार नाही, पाऊस येणार नाही, पश्चिमेचं ऊन येणार नाही. तिला फक्त स्वतःचं वजन पेलायचं आहे आणि तेही चौकटीच्या आधाराने पेलता येतं. ३ मिलिमीटर जाडीच्या काचेचं वजन चौरस मीटरला साडेसात किलो भरतं. शिसं, डाख आणि लांबी धरून त्याची दुप्पट किंवा थोडं जास्त धरा. म्हणजे तुमचा एकेक भाग सात-आठ किलोंच्या आसपास आहे. एवढं वजन जुन्या शिशाला झेपतं, जर तीन भाग एकमेकांच्या डोक्यावर ठेवले नाहीत तर. जे काम खिडकीकडून आता घ्यायचंच नाही, त्या कामासाठी तिचं मूळ शिसं काढून टाकणं मला पटत नाही.

आणि शिसं म्हणजे नुसती चौकट नव्हे. ते चित्रातली रेघ आहे. परडीची वीण, पाकळीची कड, वेलीचं वळण हे सगळं शिशाच्या जाडीवर उभं आहे. जुन्या पट्टीची रुंदी, तिचा गोलवा किंवा चपटेपणा, डाख देण्याची पद्धत यांवरून खिडकी कोणत्या काळातली, कुठल्या कार्यशाळेतली, मध्ये कधी दुरुस्त झाली हे कळू शकतं. शिसं सोडवताना काचेच्या कडा दुखावतात, आणि ज्या काचांना आज केसाएवढी चीर आहे त्या हातात येईपर्यंत दोन तुकडे होतात. रंगीत काचांच्या संवर्धनासाठी कॉर्पस विट्रेअरम या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ साली सुधारित मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यांचा सगळा भर याच गोष्टींवर आहे: शक्य तितका कमी हस्तक्षेप, केलेलं काम नंतर काढता येईल असं, आणि प्रत्येक गोष्टीची नोंद.

हे परिस्थितीवर अवलंबून आहे हेही सांगितलं पाहिजे. शिशाच्या पट्ट्या जागोजाग तुटल्या असतील, सांध्याजवळ आरपार चिरा असतील, हात लावला की काच खाचेतून निसटत असेल, तर तेवढ्या भागात शिसं बदलावंच लागेल. तेवढ्याच भागात. हे तपासायला प्रत्येक सांधा भिंगातून बघा. चीर बहुतेक वेळा डाखाच्या कडेला लागून असते, कारण डाख कडक आणि शिसं मऊ. वाकण्याचा सगळा ताण त्या सीमेवर येतो. अशा सुट्या चिरांना नवा डाख देऊन भागतं.

आता फुगवटा. तो काचेमुळे आलेला नाही. जुनी काच खाली ओघळते म्हणून खालून जाड असते असं अनेकजण सांगतात. तुमच्या पत्रातही ते होतं. ते खरं नाही. काच शेकडो वर्षांतही अशी वाहत नाही. तिच्यातल्या लाटा आणि जाडीतला फरक ती बनवतानाच आलेला असतो. वाकलंय ते शिसं. तापमानाने शिसं काचेच्या सुमारे तिप्पट वाढतं. पहाट आणि दुपार यांत ३० अंशांचा फरक धरला, तर एक मीटर लांबीमागे शिसं जवळपास ०.९ मिलिमीटर वाढतं आणि काच ०.३ मिलिमीटरही नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या भिंतीतलं काळपट शिसं दुपारभर तापतं, हवेच्या पाऱ्याच्याही बरंच वर जातं. चौकटीत घट्ट बसलेल्या पट्टीला वाढायला जागा नसते, मग ती बाहेरच्या बाजूला जाते, आणि शिशाला लवचीकपणा नसल्यामुळे संध्याकाळी पूर्ण परत येत नाही. वर्षानुवर्षं हे चाललं की फुगवटा पक्का होतो. त्याला अडवण्यासाठीच मागे आडवे लोखंडी गज असतात आणि तांब्याच्या तारांनी शिसं त्यांना बांधलेलं असतं. तुमच्या फोटोत दोन तारा तुटलेल्या दिसतात आणि फुगवटा बरोबर त्याच जागी आहे.

म्हणून काय करायचं? कडेपासून कडेपर्यंत एक ताणलेला दोरा धरा आणि मधलं अंतर पट्टीने मोजून ठेवा. फुगलेल्या भागातल्या काचा अखंड असतील आणि शिसं तुटलेलं नसेल, तर फुगवटा तसाच ठेवून त्याच्या आकाराला धरून आधार देता येतो. मी शक्यतो तसंच करतो. फुगवट्यामुळेच काचा तडकत असतील तर मात्र तो भाग सपाट फळीवर आडवा ठेवून, फुगवटा वरच्या बाजूला, थोड्या उबेत, पसरलेल्या हलक्या वजनाखाली हळूहळू बसू द्यायचा असतो. त्याला दिवस लागतात. मध्येच काच कडकडली तर तिथेच थांबायचं. हाताने दाबून सपाट करण्याचा प्रयत्न कोणालाही करू देऊ नका. आडवे गज टाकून देऊ नका. गंज ब्रशने काढून, पातळ संरक्षक लेप देऊन तेच गज परत वापरा आणि तुटलेल्या तारांच्या जागी नव्या तांब्याच्या तारा डाखाने जोडा.

पांढरी भुकटी ही मला सगळ्यात काळजीची गोष्ट वाटते. जुन्या शिशावर करड्या रंगाचा, घट्ट, मंद थर असतो. तो शिशाचं रक्षण करतो, त्याला हात लावायचा नाही. पण बोटाला लागेल अशी मऊ पांढरी पूड वेगळी. ती बहुतेक शिशाचा कार्बोनेट असतो आणि तो तयार होतो सेंद्रिय आम्लांच्या वाफेमुळे. ही वाफ येते कुठून? लाकडातून. प्लायवूड, एमडीएफ, त्यांतला गोंद, काही रंग आणि पॉलिश, यांतून ॲसेटिक आणि फॉर्मिक आम्लं सतत हवेत सुटत राहतात. उघड्या खोलीत ती विरून जातात. बंद खोक्यात साठतात. उष्णतेने त्यांचं सुटणं आणखी वाढतं. तुम्ही लिहिलंय की उतरवली तेव्हा भुकटी नव्हती, म्हणजे ती खोक्यातच आली असणार. माझ्याकडे एका बंगल्यातली खिडकी आली होती, ती हौसेने प्लायच्या प्रकाशपेटीत बसवलेली होती. समोरून काचा सुरेख दिसत होत्या. मागचा पत्रा उघडला तर खालच्या आडव्या पट्ट्या पिठात लोळवल्यासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या आणि भिंगाखाली पट्टीच्या कडा झिजून पातळ झालेल्या दिसत होत्या. गेलेलं शिसं परत आणता येत नाही.

त्यामुळे पहिलं काम, हे वाचून झाल्यावर लगेच: खिडकी त्या खोक्यातून बाहेर काढा. तिन्ही भाग हवेशीर, कोरड्या, उन्हापासून दूर असलेल्या खोलीत उभे ठेवा. आडवे उचलू नका. रंगीत काचेचा भाग नेहमी उभाच उचलायचा, दोघांनी, कडेने धरून; आडवा उचलला की मधला भाग स्वतःच्या वजनाने लोंबतो आणि काचा फुटतात. हलवायचाच असेल तर मागे कडक फळी द्या, दोन्ही एकत्र पट्ट्यांनी बांधा आणि फळीसकट फिरवा. खाली टेकवायला पॉलिइथिलीनच्या पांढऱ्या फोमच्या पट्ट्या वापरा. रबर नको, त्यातलं गंधक शिशाला बाधतं. आणि एक अगदी सोलापुरी सूचना: घरात मुबलक असतात म्हणून टर्किश टॉवेल पसरून त्यावर काच ठेवू नका. टॉवेलचे फासे शिशाच्या उघडलेल्या ओठांत आणि तडकलेल्या काचेच्या टोकांत अडकतात. उचलताना तुकडा सोबत येतो. ठेवायचंच तर धुतलेलं, बिनकांजीचं, सपाट विणीचं सुती कापड घ्या.

विद्यार्थ्यांच्या श्रमदानाबद्दल माझं मत ठाम आहे: नको. ती भुकटी शिशाची आहे आणि शिसं मुलांच्या मेंदूला मोठ्यांपेक्षा फार जास्त अपाय करतं. नोंदी करणं, जुने फोटो शोधणं, चित्र काढणं, देणगीदाराचा इतिहास जमवणं, संग्रहालयात येणाऱ्यांना माहिती सांगणं ही कामं मुलांना द्या. खिडकीला हात फक्त मोठ्यांनी लावायचा, नायट्राइल हातमोजे घालून. भुकटी फुंकायची नाही, कोरड्या फडक्याने झटकायची नाही, झाडूने लोटायची नाही. ओलसर कापसाने टिपून घ्यायची आणि कापूस बंद पिशवीत टाकायचा. त्या खोलीत चहा-फराळ नाही. काम झालं की हात साबणाने धुवायचे, कपडे वेगळे धुवायचे.

आता साफसफाई. 'काच आहे, धुतली की झालं' असं वाटणं साहजिक आहे. पण तुमच्या खिडकीत काच दोन प्रकारची आहे. वेल आणि परडी यांच्या बऱ्याचशा काचा वितळलेल्या अवस्थेतच रंग मिसळलेल्या आहेत. त्यांचा रंग कशानेही निघणार नाही. लाल काच बहुधा पारदर्शक काचेवर लाल रंगाचा पातळ थर असलेली असते. तुटलेल्या कडेकडे भिंगातून पाहा, थर स्पष्ट दिसेल. दुसरा प्रकार रंगवलेल्या काचांचा: पानांच्या शिरा, पाकळ्यांची छटा, देणगीदाराची अक्षरं. हा रंग म्हणजे दळलेली काच आणि धातूचा ऑक्साइड, काचेवर लावून भट्टीत साधारण ६०० अंशांच्या वर भाजलेला. नीट भाजला असेल तर शतक शतक टिकतो. भट्टी कमी पडली असेल तर बोटाच्या टोकाने निघतो. तुमच्या देणगीदाराच्या नावाच्या पट्टीतली अक्षरं फिकी झाली आहेत, म्हणजे तिथे शंकेला जागा आहे. पिवळी छटा असेल तर ती बहुतेक चांदीच्या संयुगाने काचेतच उमटवलेली असते, आणि ती सहसा मागच्या बाजूला असते. 'मागे पिवळा डाग पडलाय' म्हणून कोणी घासायला जाऊ नये.

म्हणून आधी परीक्षा. दहापट भिंग घ्या, खोलीत अंधार करा, बॅटरीचा झोत काचेला जवळजवळ समांतर पाडा. रंग उठलेला, पापुद्रे सुटलेले, पूड झालेली जागा सावली टाकते आणि लगेच दिसते. जिथे रंग पूर्ण गेला आहे तिथेही नीट पाहा. रंगाने झाकलेली काच आणि उघडी काच वेगवेगळ्या झिजलेल्या असतात, त्यामुळे गेलेल्या अक्षरांची पुसट खूण तिरप्या उजेडात वाचता येऊ शकते. अशा खुणेचा फोटो त्याच वेळी काढून ठेवा, कारण पुढे कुणी ती घासून टाकली तर तुमच्या देणगीदाराचं नाव कायमचं जाईल.

स्वच्छतेचा माझा क्रम असा. आधी मऊ ब्रशने धूळ व्हॅक्यूमच्या तोंडाकडे ढकलायची; व्हॅक्यूम कमी ओढीवर, तोंडाला जाळीचं कापड बांधलेलं, आणि शिशाची धूळ अडवणारा हेपा फिल्टर असलेला. घरातला साधा व्हॅक्यूम ती धूळ मागच्या बाजूने खोलीभर पसरवतो. नंतर न रंगवलेल्या काचेवर काडीला गुंडाळलेला कापूस डिस्टिल्ड पाण्यात बुडवून, पिळून, फिरवत न्यायचा. घासायचं नाही, कापूस लोळवायचा, मळला की बदलायचा. पाण्याने निघत नसेल तर निम्मं इथेनॉल मिसळायचं, पण आधी कोपऱ्यात चाचणी करून, कारण भट्टीत न भाजलेला, नंतर कुणी वरून लावलेला रंग इथेनॉलने विरघळतो. रंगवलेल्या भागावर कापसाला रंगाचा जरासाही अंश दिसला की तिथे हात थांबवायचा. तो मळ राहू द्या. पाणी म्हणाल तर मेडिकलमधलं डिस्टिल्ड वॉटर घ्या. बॅटरीच्या दुकानातलं डीएम वॉटर (क्षार काढलेलं पाणी) घ्यायचं असेल तर बाटलीवरचं वाचून घ्या, कारण तिथेच बॅटरीत भरायचं ॲसिडही तशाच कॅनमध्ये असतं.

जे वापरू नये तेही सांगतो. चिंच, लिंबू, व्हिनेगर, तांब्या-पितळेची भांडी घासायची पावडर, संडास धुवायचं ॲसिड, अमोनियाचा काच पुसायचा स्प्रे, टूथपेस्ट, तारेचा काथ्या, ब्लेड. आंबट पदार्थ शिसं खातात, घासणारे पदार्थ रंग खातात. कारागीर जे 'काचेचं ॲसिड' म्हणतो ते हायड्रोफ्लोरिक असेल तर ते काचेचाच पृष्ठभाग खातं, रंगवलेलं सगळं नेतं, आणि कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत इजा करतं. ते शाळेच्या आवारात आणूच नये.

खिडकीवरचा सगळा मळ निघायलाही नको. सोलापुरात गिरण्यांची धुराडी धूर ओकत होती त्या काळात ही खिडकी भिंतीत होती. शिशाच्या कोपऱ्यातली काळी काजळी लांबीत मुरलेली आहे. ती काढायच्या नादात लांबी मोकळी होईल. मागून उजेड आल्यावर ती दिसतही नाही.

तडकलेल्या काचांकडे वळतो. ज्या चिरा जागच्या जागी आहेत, कडा सरकलेल्या नाहीत, त्यांना काहीच करू नये असा पर्याय आधी तपासा. सांधायच्याच झाल्या तर सोलापूरसाठी एक खास अडचण आहे. संग्रहालयांमध्ये काचेसाठी पॅरालॉइड बी-७२ हा राळेसारखा पदार्थ खूप वापरतात, कारण तो ॲसिटोनने परत काढता येतो. पण तो ४० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतो. युरोपात हा प्रश्न क्वचित येतो. तुमच्या खोलीत वातानुकूलन नसेल तर एप्रिल-मेमध्ये दुपारी खोलीचं तापमानच त्याच्या जवळ जाईल, आणि मागे दिवा असेल तर पेटीत ते ओलांडेल. सांधा हळूहळू सरकेल. त्यामुळे ज्या चिरेवर वजन येतं तिथे मी पातळ, पाण्यासारखं वाहणारं, काचेसाठी बनवलेलं इपॉक्सी वापरणं पसंत करतो. ते चिरेत स्वतःच ओढलं जातं आणि काचेशी जुळणाऱ्या अपवर्तनांकामुळे चीर जवळजवळ दिसेनाशी होते. अतिनील किरणांनी ते पिवळं पडतं, म्हणून त्यावर थेट ऊन येता कामा नये. हार्डवेअरच्या दुकानातलं दोन ट्यूबचं साधं इपॉक्सी आणि फेव्हिक्विक दोन्ही नकोत. तुकडे वेगळे झाले असतील तर तांब्याची पातळ पट्टी कडेला चिकटवून डाख देण्याची पद्धत आहे. तिची रेघ बारीक, पण दिसते, मजबुती चांगली. पूर्वी कुणी चिरेवर शिशाची जादा पट्टी टाकून दुरुस्ती केली असेल आणि ती चित्राच्या मध्येच येत नसेल, तर ती खिडकीच्या इतिहासाचा भाग समजून राहू द्या.

गायब काचेच्या जागी नवी काच जरूर बसवा, नाहीतर त्या भोकातून येणारा पांढरा उजेड डोळे दिपवेल आणि आसपासचे सगळे रंग मरतील. शेजारच्या काचांशी जुळणारा, किंचित फिका, साधा रंग घ्या. त्यावर कुणी पाकळ्या रंगवल्या तरी त्या अंदाजानेच रंगवल्या जातील, आणि तुमच्याकडे खिडकीचा जुना फोटो नाही. नव्या काचेच्या कडेला, शिशाखाली झाकली जाईल अशा जागी, साल कोरून ठेवा.

आता पेटी. प्लायवूड आणि एमडीएफ नको हे वर आलंच. तुमच्या गावात ॲल्युमिनियमचं आणि स्टीलचं फॅब्रिकेशन करणारे भरपूर आहेत. पावडर कोटिंग केलेल्या ॲल्युमिनियमची किंवा स्टेनलेस स्टीलची चौकट करून घ्या. प्रत्येक भागाला स्वतःची बैठक हवी, म्हणजे वरच्याचं वजन खालच्यावर येणार नाही. बैठकीवर पॉलिइथिलीन फोमची पट्टी, बाजूंना दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा, समोरून स्क्रूने निघणारी पट्टी. काहीही चिकटवायचं नाही. सिलिकॉन लागलंच तर ताजं सिलिकॉन हुंगून पाहा: व्हिनेगरसारखा वास आला तर ते ॲसेटिक प्रकारचं आहे, शिशाजवळ आणू नका. 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेलं घ्या. चौकट भिंतीला आणि जमिनीला पक्की बांधा. शाळेत धक्काबुक्की होते.

उजेडाबद्दल माझी पहिली पसंती दिव्याला नाही. संग्रहालयाच्या खोलीला उत्तरेची खिडकी असेल तर तिच्या आतल्या बाजूला, साधारण फूटभर अंतर ठेवून, ही चौकट उभी करा. उत्तरेचा उजेड थेट उन्हाशिवाय येतो, ढग आले की बदलतो, संध्याकाळी निळा होतो, आणि रंगीत काच जिवंत दिसते ती या बदलामुळेच. मुंबईत राजाबाई टॉवरखालच्या विद्यापीठ ग्रंथालयात किंवा काळा घोड्याजवळच्या केनेसेथ एलियाहू सिनेगॉगमध्ये कधी गेलात तर सकाळी आणि दुपारी त्याच काचा पाहा. मी काय म्हणतो ते लगेच कळेल. फक्त चौकटीच्या चारही बाजूंनी गळणारा उजेड काळ्या कापडाने झाकून घ्या.

उत्तरेची खिडकी नसेल तर प्रकाशपेटी. इंग्लंडमध्ये ईली कथीड्रलमधलं स्टेन्ड ग्लासचं संग्रहालय १९७९ पासून लोकांसाठी खुलं आहे, आणि तिथे अशी खिडक्यांची तावदानं मागून उजेड देऊन डोळ्यांच्या उंचीवर मांडलेली आहेत. म्हणजे पद्धत वाईट नाही, पण पेटी नीट हवी. ट्यूबलाइट नको, एलईडी, मंद करता येणारे, उबदार आणि थंड यांच्या मधल्या छटेचे, आणि रंग खरे दाखवणारे, म्हणजे सीआरआय ९० च्या वरचे. दिवे आणि काच यांच्यात दुधी ॲक्रिलिकचा पत्रा, आणि दिव्यांपासून पत्रा पुरेसा लांब, नाहीतर एलईडीचे ठिपके काचेतून मोजता येतात. एलईडीचा ड्रायव्हर (दिव्यांना वीज पुरवणारा डबा) पेटीच्या बाहेर ठेवा, कारण उष्णता तिथेही निर्माण होते आणि बिघडला तर तो बदलण्यासाठी काचेला हात लावावा लागू नये. वर आणि खाली हवेसाठी झरोके ठेवा, त्यांना बारीक स्टीलची जाळी लावा. जाळी नसेल तर उजेडाला किडे येतात, किड्यांमागे पाली येतात, आणि पालीची विष्ठा शिशावर आणि दुधी पत्र्यावर पडत राहते. पेटी तयार झाली की खिडकी न बसवता आत थर्मामीटर ठेवून दिवसभर दिवे लावून बघा. खोलीपेक्षा चार-पाच अंशांहून जास्त तापली तर झरोके वाढवा. खोलीतला बाकीचा उजेड कमी ठेवा, म्हणजे मागचे दिवे मंद ठेवूनही रंग भरून दिसतात. पाहणारा येईल तेव्हाच लागणारे, हालचालीवर चालणारे दिवे असले तर उत्तम.

मांडताना कोणती बाजू समोर, हे अक्षरांवरून कळेल. रंगवलेली बाजू मूळची आतली, म्हणजे लोकांच्या बाजूची. मुलांचा हात पोचणार नाही असं मीटरभर अंतर ठेवून समोर कठडा घाला.

वेळेचं गणित. पावसाळा आत्ता संपत आलाय, संक्रांत जानेवारीत. नोंदी, फोटो, कोरडी साफसफाई, तारा-गज, चौकट आणि उजेड एवढं या काळात नीट होऊ शकतं. सगळ्या काचा सोडवून नव्या शिशात बसवण्याचं काम या काळात घाईघाईनेच होईल. त्यात जवसाच्या तेलाची ताजी लांबी पक्की व्हायला आठवडे लागतात आणि वाळताना तीही आम्लाची वाफ सोडते, म्हणजे उद्घाटनाच्या दिवशी ओली खिडकी बंद पेटीत जाईल. चिरा सांधायचं काम उद्घाटनानंतर केलं तरी चालेल. रंग सुटलेल्या अक्षरांच्या पट्टीसाठी मात्र अनुभवी संवर्धकाचा हात हवाच. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे. तिथे आधी विचारणा करा, फोटो पाठवा. तोवर त्या पट्टीला कुणीही, मीसुद्धा सांगितलं तरी, पाणी लावू नये.

कारागिराला यातून वगळू नका. डाख देणं, तारा जोडणं, नवी काच मापात कापणं यांत त्याचा हात तुमच्या-माझ्यापेक्षा सरस असणार. त्याला फक्त सांगा की ही खिडकी पावसात जाणार नाही, त्यामुळे तिला नवी करायची नाही. कामाची व्याप्ती लिहून द्या: कोणत्या सांध्यांना डाख, कोणत्या तारा, कोणती काच. बाकी काही दिसलं तर आधी विचारायचं.

पुढचं नेमकं सांगता यावं म्हणून मला हे पाठवा. प्रत्येक भागाचे चार फोटो: पुढून साध्या उजेडात, मागून उजेड घेऊन, तिरप्या झोतात, आणि मागची बाजू गजांसह. प्रत्येक फोटोत एक फूटपट्टी असू द्या. एका मोठ्या कागदावर खिडकीचं रेखाचित्र काढून प्रत्येक काचेला क्रमांक द्या आणि चीर लाल रेघेने, सुटलेला रंग निळ्या ठिपक्यांनी, पांढरी भुकटी पेन्सिलच्या छटेने दाखवा. ट्रेसिंग पेपर काचेवर ठेवून दाबू नका. फोटो मोठा छापून त्यावरच खुणा करा. फुगवट्याचं माप आणि तुमच्या खोलीत दुपारी तीन वाजता किती तापमान असतं तेही लिहा. त्यावरून कोणत्या चिरा सांधायच्या आणि कोणत्या तशाच ठेवायच्या ते क्रमांकानुसार सांगतो.